मनिऑर्डरीचा संसार

प्रीती काळाबरोबर विटते की नुसती पालटते, हा प्रश्न कवींचा आणि कादंबरीकारांचा समजला जातो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पोथ्यांपेक्षा पगारपत्रके आम्ही अधिक वाचली. तरीही या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर मुंबईच्या गिरणगावच्या इतिहासात सापडते, असे आमचे मत आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या गिरणीची कंपनी काढली व १८५६ साली गिरणी चालू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांची रीघ लागली. पण आली ती बहुतेक पुरुषमाणसे. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत पुरुषांच्या मानाने बायका जेमतेम निम्म्या होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात बायकाच जास्त. एका पगारात शहरात बिऱ्हाड करणे परवडत नसे, आणि गावचा जमिनीचा तुकडाही कोणी तरी राखावा लागे. म्हणून ती गावी राहिली. तो गावकीच्या खोलीत राही; एक जण पाळीवरून आला की दुसरा पथारी सोडी. जेवण खानावळीचे.

मग या दोघांनी एकमेकांशी बोलायचे कसे? १८७९ साली पोस्टकार्ड आले, १८८० साली मनिऑर्डर. अक्षरओळख थोड्यांनाच. तो दुसऱ्याकडून लिहवून घेई, ती दुसऱ्याकडून वाचवून घेई. चार माणसांदेखत नवराबायको काय बोलणार? खुशाली, पाऊस, बैल आणि सावकाराचे देणे. आतले बोलणे आतच राही. पैसे वेळेवर आले की त्याला आपली आठवण आहे असे ती समजे. रक्कम घटली की मनात पाल चुकचुके. काही ठिकाणी ती शंका खरी ठरे, मुंबईत दुसरे बिऱ्हाड थाटलेले असे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

इतिहासाची पुस्तके कामाचे तास मोजतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. कायद्याने दिवसाचे काम १९११ साली १२ तासांवर, १९२२ साली ११ वर, १९३४ साली १० वर आणि १९४६ साली ९ वर आणले. १९४५ च्या कायदादुरुस्तीने भरपगारी रजाही आली. त्यापूर्वी बहुतेकांची रजा म्हणजे पगार बुडणे, आणि जागेवर बदलीवाला कायम होण्याची धास्ती. शिमग्याला किंवा गणपतीला आलेला नवरा घर ओळखीचे होईतो परत निघे. रजेची मागणी ही संसाराची मागणी होती, ती अशी.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला व हजारो कामगार गावी परतले. वर्षानुवर्षे पाहुण्यासारखा येणारा नवरा महिनोन्महिने घरात राहिला. त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांशी आम्ही बोललो आहोत. कोणी सांगतात, त्याला मीठ किती लागते हेही ठाऊक नव्हते. पुढे लावणीच्या चिखलात बरोबरीने राबताना, ऐन चाळिशीत, खरी ओळख झाली. ती तरुणपणची ओढ नव्हती, पण एकमेकांचा आधार होता. दुसऱ्या घरांत दागिने गेले, कर्ज चढले, आणि तो परका तो परकाच राहिला. पुष्कळांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही.

तेव्हा प्रेम आटले असा निकाल देण्याआधी त्याच्या वाट्याला दिवस किती आले, हे विचारावे. आज आपल्या शहरात इमारती बांधणारे परप्रांतीय मजूर रात्री मोबाईलवर घरी बोलतात. पोस्टकार्डाची अडचण गेली. रजेची अडचण त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत अजून तशीच आहे, आणि ती दूर करणे आपल्या हाती आहे.