आरसा उपचारपद्धती

आरसा उपचारपद्धती किंवा मिरर थेरपी ही पक्षाघातानंतर दुर्बल झालेल्या हाताची हालचाल सुधारण्यासाठी वापरली जाणारी पूरक पुनर्वसन पद्धत आहे. निरोगी हाताचे प्रतिबिंब पाहताना बाधित हातच हलत असल्याचा भास रुग्णाला होतो, हा या पद्धतीचा पाया होय.

इतिहास

भारतात जन्मलेले अमेरिकास्थित मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात गमावलेल्या व्यक्तींवर आरशाचा प्रयोग केला. नसलेला हात आखडून दुखतो, अशी त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार असे. प्रतिबिंब पाहून काहींना आराम पडला. पुढे १९९९ मध्ये एरिक आल्टशुलर, रामचंद्रन व सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ९ रुग्णांवरील अभ्यास 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात तुलनेसाठी आरशाऐवजी पारदर्शक प्लास्टिक वापरले होते.

पद्धत

टेबलावर रुग्णाच्या समोर मध्यभागी आरसा उभा ठेवतात. बाधित हात आरशामागे झाकलेला राहतो व निरोगी हात आरशापुढे असतो. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवतात. अन्यथा प्रतिबिंब दुसऱ्या हाताचे वाटत नाही. रुग्ण प्रतिबिंबाकडे पाहत मूठ वळणे व उघडणे, मनगट फिरवणे, बोटे हलवणे अशा हालचाली सावकाश करतो आणि बाधित हातानेही जमेल तितका तसाच प्रयत्न करतो. सराव बहुधा रोज सुमारे अर्धा तास, काही आठवडे चालतो.

कार्यतत्त्व

दृष्टीद्वारे मिळणाऱ्या संवेदनेमुळे मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग उद्दीपित होतात आणि दुर्लक्षित हाताकडे लक्ष वेधले जाते, असे मानले जाते. नेमकी प्रक्रिया अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही.

परिणामकारकता

कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यासांतील १,९८२ रुग्णांचा समावेश होता. हाताची हालचाल व दैनंदिन कामे यांत सुधारणा होत असल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा त्यात आढळला.

मर्यादा

ही पद्धत भौतिकोपचाराला पर्याय नसून त्याची जोड आहे. सर्वांनाच सारखा लाभ होत नाही. एकाग्रता किंवा दृष्टी फार क्षीण असल्यास सराव अवघड जातो. साधने स्वल्प व स्वस्त असल्याने तज्ज्ञाकडून शिकून घेतल्यावर हा सराव घरीही करता येतो.