अकरा जुलै : मेलेल्यांचा हिशोब

दोस्तहो, आमच्या कोपरीला खेटून हायवे जातो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. इथं आनंदनगरच्या नाक्यावर उभं राहून मुंबईकडं तोंड केलं की मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी आणि मग घाटकोपर. घाटकोपरला रस्त्याच्या कडेलाच माता रमाबाई आंबेडकर नगर. एकाच डांबरावर आम्ही आणि ते.

या रस्त्याचा इतिहास कोणत्याही शाळेच्या पुस्तकात नाही. म्हणून मीच लिहितो. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण ज्यांचा इतिहास दुसऱ्यानं लिहिला त्यांचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

११ जुलै १९९७. शुक्रवार. पहाटे रमाबाई नगरातली माणसं उठली तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ. ज्या बापानं आपल्याला माणूस केलं त्याच्या गळ्यात चपला. माणसं चौकीवर गेली. समाधान झालं नाही, तेव्हा रस्त्यावर आली. हातात बंदुका नव्हत्या, होता तो राग. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि गोळ्या सुटल्या. पुतळा राहिला बाजूला, गोळीबार झाला तिथून बऱ्याच अंतरावर. दहा माणसं मेली. सव्वीस जखमी झाली. मेलेल्यांत रस्ता अडवायला न आलेलेसुद्धा होते. कोवळं पोरगंही होतं.

त्या सकाळी मी कोपरीहून बसनं कामावर निघालो होतो. विक्रोळीच्या अलीकडं बस थांबली ती थांबलीच. पुढं काय झालंय कुणाला ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी खबर आणली, पुतळ्यावरनं भानगड झालीय. माझ्या शेजारचा इस्त्रीच्या शर्टातला माणूस घड्याळाकडं बघत म्हणाला, "यांचं हे रोजचंच आहे." यांचं! आणि मी गप्प बसलो. दोस्तहो, खोटं कशाला बोलू, मी गप्प बसलो. बसमध्ये माझी जात कुणाला माहीत नव्हती आणि तेवढ्या वेळापुरती ती माहीत होऊ नये असं मला वाटलं. पुढं चालत गेलो नाही. माघारी कोपरीत आलो. संध्याकाळी दहाचा आकडा कळला. तो शर्टवाला मला अजून दिसतो. पण त्याच्यापेक्षा मीच मला जास्त दिसतो.

प्रत्येक गोळीबाराला एक गोष्ट लागते. त्याशिवाय तो पचत नाही. इथं गोष्ट रचली टँकरची. म्हणे जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, सगळा परिसर उडाला असता, म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. तेव्हा राज्य शिवसेना-भाजप युतीचं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे गृहखातं सांभाळत होते. न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. आयोगानं १९९८ साली अहवाल दिला. टँकरची गोष्ट टिकली नाही. गोळीबार असमर्थनीय ठरला आणि हुकूम देणारा फौजदार मनोहर कदम जबाबदार ठरला. पुढं अकरा वर्षं गेली. मे २००९ मध्ये शिवडीच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली आणि थोड्याच काळात उच्च न्यायालयातनं जामीनही झाला. ज्यानं चपलांची माळ घातली त्या हाताचं तर नावच घ्यायला नको.

गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे गेले. मुलुंडच्या झोपडीत त्यांनी स्वतःला संपवलं. लाल झेंड्याखाली गाणारा हा माणूस, शेवटी कपाळाला निळं फडकं बांधून गेला. मुलुंड म्हणजे कोपरीच्या हाकेच्या अंतरावर. सरकारी आकड्यात ते नाहीत. आमच्या हिशोबात ते अकरावे. आनंद पटवर्धनांनी तेव्हापासून कॅमेरा घेऊन माग काढला आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. न्यायालयाला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ एका माणसानं आठवण धरून ठेवायला दिला.

आता मूळ मुद्दा. गेल्या साली आमच्या विहारात अकरा जुलैची सभा होती. एक शिकलेला पोरगा उठला. कंपनीत आहे, चांगलं कमावतो, आपलाच आहे. म्हणाला, "काका, दरसाल मेलेली माणसं कशाला उकरायची? तिकडं आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं, कायद्यानंच काळ्यांना वेगळं ठेवलं होतं. आपल्याकडं तर बाबासाहेबांची घटना आहे. तुलना कशी करता?"

प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर दिलंच पाहिजे.

२१ मार्च १९६०. दक्षिण आफ्रिकेतलं शार्पव्हिल. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात हिंडायला पास लागायचा. त्या दिवशी माणसं पास न घेता पोलीस ठाण्यावर गेली, "करा अटक" म्हणाली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारी आकडा ६९. कितीकांना गोळ्या पाठीत लागल्या, म्हणजे ती पळत होती. तिथंही गोष्ट होतीच की जमाव चालून आला, पोलीस घाबरले.

आणि आपल्याकडं? शार्पव्हिलच्या तारखेच्या आदल्या दिवशीची तारीख आठवा. २० मार्च १९२७, महाड. ओंजळभर पाणी प्याल्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली आणि नंतर शेणगोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं गेलं. तिथं पास होता, इथं पाणवठा होता. तिथं हद्द कागदावर लिहिलेली, इथं गावकुसाच्या दगडात रचलेली. आपल्या मुंबईतल्या पोरांनी १९७२ साली पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून उगाच नाही घेतलं.

पोरगा बरोबर बोलला, आपल्याकडं घटनेनं अस्पृश्यता मोडली. सतरावं कलम आहे. पण कायदा मुंबई-दिल्लीत झाला, राज्य गावात चालत राहिलं. माझी आई मला हे पुस्तकातनं नाही सांगायची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारून टाकलं. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन रात्रीतनं निघाली ती कोपरीत मावशीच्या खोलीवरच येऊन टेकली. म्हणायची, "लेकरा, ठराव झाला म्हून आमी पेढं वाटाया निघालो, आन् घर पेटलं." नाव द्यायला सोळा वर्षं लागली. १४ जानेवारी १९९४. तेही पुरतं नामांतर नाही, नामविस्तार.

म्हणजे बघा. ठराव सरकारचा, जाळणारं गाव. पुतळा बाबासाहेबांचा, गोळी सरकारची. कधी गाव मारतं आणि सरकार बघतं, कधी सरकार मारतं आणि बसमधला शर्टवाला घड्याळ बघतो. वेगळं ठेवणाऱ्या राज्याला दर वेळी कायद्याचं पुस्तक लागतच नाही. "यांचं" हा एक शब्द पुरतो.

आणि फरक कुठं आहे तेही सांगतो. तिथं १९९४ साली गोऱ्यांचं राज्य गेलं. १० डिसेंबर १९९६ ला नेल्सन मंडेलांनी नव्या घटनेवर सही केली ती मुद्दाम शार्पव्हिलला जाऊन. २१ मार्च तिथं मानवी हक्क दिन म्हणून सुट्टीचा दिवस आहे. युनोनं तर १९६६ सालीच तो दिवस वंशभेदाविरुद्धचा दिवस म्हणून जाहीर केला. तिथलं सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. पण मेलेल्यांना देशानं आपलं म्हटलं. आपल्या अकरा जुलैला कॅलेंडरवर काय आहे? काही नाही. ती तारीख फक्त वस्तीची आहे. वस्तीनंच स्मारक केलं, वस्तीच दरसाल मेणबत्त्या लावते.

आता त्या वस्तीच्या पुनर्विकासाचं काम सरकारनं हाती घेतलंय. छेडानगरपासून थेट आमच्या आनंदनगरपर्यंत वरनं जाणारा नवा रस्ताही होतोय. चांगली घरं मिळोत, आपल्या माणसांना का मिळू नयेत! झोपडीत राहण्यात कसला आलाय अभिमान. पण नव्या इमारती उठताना त्या दहा नावांची जागा कुठं असणार, हे आपण विचारायचं. बिल्डराच्या नकाशात ती आपणहून येणार नाही. आणि वरच्या रस्त्यानं गाड्या सुसाट जातील तेव्हा खाली काय घडलं होतं हे खिडकीतनं कुणालाच दिसणार नाही.

ती दहा नावं मी मुद्दाम इथं उतरवत नाही. कागदावर वाचून बाजूला ठेवायची ती नावं नाहीत. येत्या अकरा जुलैला कोपरीच्या पोरांनी घाटकोपरला जायचं, स्मारकापुढं उभं राहायचं आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. कोण कुठून आला होता, काय काम करत होता, घरी मागं कोण राहिलं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहून आणायचं. ती वही म्हणजे आपला इतिहास. आयोगाच्या अहवालात माणूस आकडा होऊन येतो, वहीत तो परत माणूस होईल.

त्या पोराला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी येतो." मीही जाणार आहे. त्या सकाळी विक्रोळीच्या अलीकडनं माघारी फिरलो होतो, तेवढं अंतर माझं अजून चालायचं राहिलंय.

जय भीम.