नाडीची जमाबंदी

पेशवाई जाऊन पुणे प्रांतात इंग्रजी अंमल बसला, त्यास दहा-बारा वर्षे होतात न होतात तोच प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा 55 हा सरकारचा हिस्सा ठरविला. आणि कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध दिसणारा हा दर इंदापूर तालुक्यातील अवर्षणाने गांजलेल्या रयतेस इतका डोईजड झाला की पुष्कळ कुळे जमिनी पडीक टाकून परागंदा झाली. पुढे 1836 साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी याच तालुक्यात मातीचा कस पाहून आणेवारीने जमिनीची प्रत लावली, सारा उतरविला आणि तो 30 वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया तो हाच. आज पहाटे छातीस हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधून बारामती-इंदापूर रस्त्याने सायकल हाकणारी हौशी मंडळी ज्या पद्धतीने व्यायाम करतात तिचा इतिहासही, माझ्या मते, सरसकट मापाकडून ज्याचा त्याचा कस पाहण्याकडे, याच वळणाने गेला आहे.

नाडी पाहणे आपल्यास नवे नव्हे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे विवेचन आहेच. परंतु तेथे वैद्य रोग्याची नाडी पाही. धडधाकट माणसाने स्वतःचे ठोके मोजून श्रमाचे माप ठरवावे, ही कल्पना जर्मनीत गेर्शलर हा शिक्षक व राइंडेल हा हृदयतज्ज्ञ यांनी 1930 नंतरच्या दशकात रूढ केली. धावपटूने ठोके मिनिटास 180 च्या आसपास जाईपर्यंत धावावे, मग थांबावे, आणि दीड मिनिटाच्या आत ते 120 वर न उतरल्यास श्रम अधिक झाले असे समजावे, हा त्यांचा दंडक. आणि हृदय बळावते ते धावताना नव्हे तर त्या मधल्या विसाव्यात, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या तालमीतला हार्बिग 15 जुलै 1939 रोजी मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला, आणि तो विक्रम 1955 पर्यंत अबाधित राहिला. 1952 च्या ज्या हेलसिंकी ऑलिंपिकात आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, तेथेच धावपटू झाटोपेकने तीन सुवर्णपदके मिळविली. 400 मीटरच्या असंख्य फेऱ्या आणि मध्ये संथ धाव, हीच त्याची साधना होती. 1982 च्या सुमारास फिनलंडच्या पोलर कंपनीने बिनतारी हृदयमापक बाजारात आणला, तेव्हा नाडीवर बोट ठेवण्याची गरज संपली आणि चालत्या सायकलवर ठोके वाचता येऊ लागले.

येथे प्रिंगलसाहेब पुन्हा भेटतात. 220 मधून वय वजा करावे म्हणजे हृदयाची कमाल गती मिळते, हे 1971 पासून रूढ झालेले सूत्र म्हणजे सर्व जमिनीस एकच दर लावण्यासारखे आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचे अंतर सहज असते. फिनलंडच्याच कार्वोनेनने 1957 मध्ये सुचविलेली रीत अधिक न्यायाची, कारण ती विश्रांतीतील गतीही जमेस धरते: कमाल 170 आणि विश्रांतीत 60 असतील, तर मधल्या 110 चे शेकडा 80, म्हणजे 88, हे 60 मध्ये मिळवून 148 हा श्रमाच्या लक्ष्याचा आकडा येतो.

आता मुलखाकडे पाहू. दिवेघाट मागे पडला की बारामती-इंदापूरकडे चढ असा राहत नाही. 1876-77 च्या दुष्काळात उपाशी माणसांस काम मिळावे म्हणून ज्याचे खोदकाम सुरू झाले व ज्याचे पाणी 1885 मध्ये वाहू लागले, तो नीरा डावा कालवा याच सपाटीचा फायदा घेत पुरंदर, बारामती, इंदापूर असा गेला. त्याच्या जिवावर ऊस आला, वालचंदनगर वसले, साखर कारखाने उभे राहिले. पुणे-बारामती सायकल शर्यत याच प्रदेशात पोहोचते आणि 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरचा एक टप्पा बारामतीसच संपला. घाटातला सायकलस्वार चढावर आपोआप दमतो व उतारावर विसावतो. येथे मात्र चढ व उतार दोन्ही स्वारानेच निर्माण करावयाचे असतात. चार मिनिटे नेट लावावा, तीन मिनिटे पाय सैल सोडावेत, असे चार वेळा करावे. हृदय श्रमामागून मिनिटभराने जागे होते, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या धडाक्याचे माप ठोक्यांवरून घेणे व्यर्थ. आणि चैत्र-वैशाखात त्याच वेगास ठोके अधिक पडतात ते उन्हामुळे, हेही ध्यानी असावे. गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांनी व ट्रॅक्टरांनी व्यापलेल्या रस्त्यावर, किंवा तुकोबांची पालखी काटेवाडी-बेलवाडीच्या वाटेवर असताना, घड्याळाकडे पाहत सायकल दामटणे हा निव्वळ अविचार होय.

तेव्हा नव्याने आरंभ करणाऱ्यांनी आठवडाभर पहाटे अंथरुणातच स्वतःची नाडी मोजावी, असा नेटाचा व्यायाम आठवड्यात दोनदाच करावा, आणि चाळिशी उलटली असल्यास त्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे.