चांदबीबीचा महाल, अण्णा आणि एक अनोळखी संपादक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा जुन्या फायली आवरताना अण्णांच्या अक्षरातला एक कागद सापडला आणि म्हटलं, ही गोष्ट एकदा लिहूनच टाकावी. घरातल्यांना ती तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

नगरच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याला, डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की दिसायची. नगरमध्ये तिला सगळे 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. रिक्षावाले म्हणतात, सहलीचे मास्तर म्हणतात, आमचे अण्णाही म्हणायचे. अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. दरवर्षी पोरांची एक तुकडी घेऊन तिथे जायचे आणि चांदबीबीने मोगलांना कसं तोंड दिलं ते असं रंगवून सांगायचे की पोरं डबे खायची विसरायची.

मराठी विकिपीडिया सुरू झाला 1 मे 2003 ला, बरोबर महाराष्ट्रदिनी. मला त्याचा पत्ता लागला तीनेक वर्षांनी. तेव्हा मी बंगळूरला नोकरीला होतो. संध्याकाळी खोलीवर जाऊन करायला काही नसायचं आणि नवीनच शिकलेलं मराठी टंकलेखन हातात खाजत होतं. पाहिलं तर नगरबद्दल फारसं काही लिहिलेलं नाही. मग काय, बसलो आणि आठवेल तसं लिहून काढलं. त्यात एक वाक्य होतं, की चांदबीबीने शहराजवळच्या डोंगरावर एक महाल बांधला.

दोन दिवसांनी बघतो तर वाक्य बदललेलं! ती चांदबीबीने बांधलेली वास्तू नसून मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे, असं कोणीतरी लिहिलं होतं. त्याच माणसाने माझ्या चर्चापानावर निरोपही ठेवला होता. आधी स्वागत, मग नगरवर लिहिल्याबद्दल आभार, मग बदल का केला ते दोन ओळींत आणि शेवटी एक प्रश्न. तुम्ही नगरचे दिसता, तुमच्याकडे या वास्तूबद्दल काही छापील आधार आहे का? असेल तर माझं वाक्य खुशाल काढा.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. मी एक तिरकस उत्तर लिहिलं, की नगरमध्ये कधी पाऊल टाकलंय का म्हणून. समोरून उत्तर आलं, की नाही, पण यायची इच्छा आहे. त्यावर काय बोलणार?

रविवारी फोनवर अण्णांना सांगितलं. ते माझ्याहून जास्त भडकले. "तीस वर्षं पोरांना नेतोय मी तिथे!" आणि फोन ठेवला. पण अण्णा हाडाचे मास्तर. सोमवारी वाचनालयात जाऊन बसले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याचा आहे, जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली 1884 साली निघालेला. त्यात ती सलाबतखानाची कबर म्हणूनच नोंदलेली आहे. मग त्यांनी सनावळ्या मांडल्या. चांदबीबी ही हुसेन निजामशहाची मुलगी, लग्न होऊन विजापूरला अली आदिलशहाकडे गेलेली. तिने नगरचा किल्ला लढवला तो 1595-96 साली. सलाबतखानाचा कारभार त्याच्या आधीचा. म्हणजे हिशेब त्या अनोळखी माणसाच्या बाजूने लागत होता.

अण्णांचा फोन दोन दिवसांनी आला. "लिही. त्यांचं बरोबर आहे. पण त्यांना एक सांग. नगरचे लोक तिला महाल म्हणतात, हेही खोडू नका म्हणावं. बांधली कोणी हा इतिहास आहे, पण लोकांनी तिला चांदबीबीचं नाव का दिलं हाही इतिहासच आहे."

मी तसंच कळवलं. सोबत तिरकसपणाची माफीही मागितली. समोरच्याला अण्णांचं म्हणणं इतकं पटलं की त्याने स्वतःच वाक्य जोडलं, की स्थानिक लोक या कबरीला चांदबीबीचा महाल या नावाने ओळखतात. एका वाक्यात दोन सत्यं बसली. एका वडीलधाऱ्या मास्तरची माघार आणि त्यांचा मानही त्यातच बसला.

त्यानंतर आमची एक विचित्र चौकडी जमली. अण्णा निळ्या शाईत टिपणं काढून मला पोस्टाने पाठवायचे आणि मी ती टंकायचो. तो अनोळखी गृहस्थ आधार तपासायचा. परदेशात राहणारा एकजण नकाशे करायचा. आणखी एक बाई होत्या, त्या फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या, एक शब्दही न बोलता. चर्चेला 'चावडी', सरावाच्या पानाला 'धूळपाटी', ही तिथली नावं ऐकून अण्णा खूष झाले होते. म्हणाले, नावं ठेवणारा माणूस गावातला दिसतो. चौघांपैकी कोणी कोणाला कधी भेटलं नाही. भांडणं झाली नाहीत असं नाही. मलिक अंबरच्या परिच्छेदावर तर पंधरा दिवस खल चालला होता. पण तिथली एक सोय मोठी शहाणपणाची आहे. प्रत्येक बदल 'इतिहास' या कळीखाली साठून राहतो, त्यामुळे कुठलीही चूक कायमची नसते. चूक परत फिरवता येते म्हटल्यावर माणसं जरा मऊ होतात, असा माझा अनुभव.

अण्णांचं म्हणणं असं, की हे काम आपल्या मातीला नवं नाही. एकदा त्यांनी टिपणांसोबत लांबलचक पत्रच लिहिलं होतं. परवा सापडला तो कागद हाच. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केलं, शके 1212 म्हणजे 1290 साली, आणि ते लिहून घेतलं सच्चिदानंदबाबांनी. पुढे तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसवल्या. मग पैठणच्या एकनाथांनी 1584 साली पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांना बजावलं, की यात स्वतःची ओवी घालू नका. 'आधार द्या' म्हणणारे पहिले मराठी संपादक ते नाथमहाराज, असं अण्णांचं मत.

पत्रातला दुसरा दाखला किल्ल्याचा. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण नगरच्या किल्ल्यात आणून डांबले. तिथे नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. नाव एकट्या नेहरूंचं, पण प्रस्तावनेत त्यांनी मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली यांचे खास आभार मानलेत. संस्कृत, पाली, अरबी, फारसी आणि आपल्या बहुतेक मोठ्या भाषा जाणणारी माणसं एका आवारात. पुस्तकं कमी, पण विचारायला माणूस शेजारच्याच खोलीत! पुस्तक अर्पणही या सोबत्यांनाच केलंय. अण्णांनी खाली लिहिलंय, "तुमचीही अशीच एक बराक आहे. फरक एवढाच की तुम्हाला कोणी कोंडलेलं नाही, वाटेल तेव्हा निघून जाता येतं. तरी माणसं थांबतात, याचं मला नवल वाटतं."

मलाही वाटतं. डॉ. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड काढले तेव्हा त्यामागे मंडळ होतं, भागभांडवल होतं. वाईला तर्कतीर्थांच्या विश्वकोशामागे सरकार होतं. इथे काहीच नाही. पगार नाही, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नावही दिसत नाही.

तो सल मात्र मला आहे. अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी जमवलेलं सगळं 'इतिहास' कळीखाली माझ्या सदस्यनावाने नोंदलंय, त्यांचं नाव कुठेच नाही. एकदा हे मी त्या अनोळखी मित्राला लिहिलं. तो म्हणाला, तुमच्या चर्चापानावर तुम्ही पहिल्यापासून 'वडील म्हणतात' असं लिहीत आलाय, ते सगळं जपलेलं आहे. जाऊन मोजलं. एकवीस वेळा.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यातलं. नावावरून घराघरात वाद झाले, आमच्याकडेही झाले. तेव्हा मला अण्णांचं ते वाक्य आठवलं आणि विकिपीडियावरचं 'पुनर्निर्देशन' आठवलं. लेखाचं नाव बदललं तरी जुनं नाव पुसून टाकायची गरज नसते. ते दारात उभं राहतं आणि शोधत आलेल्याला नव्या पत्त्यावर पोचवतं.

असो. आता एक घरगुती काम. आत्या, अण्णांची भिंगारवरची टिपणं असलेली निळी वही तुझ्याकडे आहे का? 28 मे 1490 च्या भिंगारच्या लढाईबद्दल त्यांनी बरंच काढून ठेवलं होतं. सापडली तर फोटो काढून पाठव. आधार तपासायला माणूस अजून आहे, परवाच विचारत होता.