मुख्य सैन्य कुठं ठेवायचं? खांदेरीला विचारा!

मी उरणचा. दिवसा कोडिंग, रात्री स्ट्रॅटेजी गेम. परवा सगळं सैन्य नकाशाच्या कोपऱ्यात, माझ्या तळापाशी ठेवलं. सुरक्षित वाटलं! मदत पोचेपर्यंत मित्राचा तळ गेला. तो अजून बोलत नाहीये.

मग खांदेरी आठवली. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या या बेटावर, मुंबईच्या जहाजांच्या वाटेवरच, किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे. इंग्रजांनी जहाजं आणून नाकाबंदी केली. पण त्यांची मोठी जहाजं वाऱ्याच्या भरवशावर आणि आपल्या होड्या वल्ह्यांवर. रात्री रसद पोचतच राहिली. मुख्य आरमार जवळच, नागावला. १८ ऑक्टोबरला दौलतखान तिथून निघून थेट भिडले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रज परत गेले.

पण एक घर मोकळं राहिलं होतं. शेजारची उंदेरी सिद्दीनं धरली आणि तिथून तोफा डागायला लागला.

म्हणजे काय? ठाणं शत्रूच्या वाटेवर आणि मुख्य सैन्य तिथं, जिथून त्या ठाण्यापर्यंत एका रात्रीत जाता येतं. आणि शेजारचं बेट आधी बघा!

मित्रा, ऐकतोयस ना? पुढच्या डावात माझं सैन्य तुझ्या शेजारी.