देवमाशांच्या बुडीवर सागरी गोंगाटाचा परिणाम

जहाजांची इंजिने व पंखे, नौदलाची सोनार यंत्रणा आणि समुद्रतळाखालील तेलाचा शोध घेणाऱ्या एअरगन यांच्या आवाजामुळे देवमाशांच्या बुडीची खोली, कालावधी, वेग व हेतू यांत होणारा बदल. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मी. वेगाने जातो आणि दूरवर पोचतो. प्रकाश मात्र काही शे मीटरांतच संपतो. त्यामुळे खोल पाण्यातला देवमासा जगतो तो कानांच्या आधारावर.

नेहमीची बुडी : क्यूव्हियरचा चोचदार देवमासा सस्तन प्राण्यांतला सर्वांत खोल बुडणारा. त्याच्या बुडीची नोंद २,९९२ मी. खोलीपर्यंत आणि २२२ मिनिटांपर्यंत झाली आहे. बरेच खाली गेल्यावरच तो टकटक असे ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून माखले हेरतो. परतताना सावकाश वर येतो आणि पुढच्या खोल बुडीआधी उथळ बुड्यांत बराच वेळ घालवतो. श्वासाचा हा हिशेब फार काटेकोर असतो.

गोंगाटाने होणारे बदल : कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ या जातीच्या देवमाशांना चूषकाने नोंदयंत्रे चिकटवून सोनारसारखा आवाज ऐकवण्यात आला (निष्कर्ष २०१३). त्यांनी टकटक थांबवली, शेपटीची नेहमीची लय मोडली आणि ते निमूटपणे वेगाने दूर गेले. बुडी लांबली, नंतरची शिकारही लांबणीवर पडली. त्याच परिसरातील काही निळ्या देवमाशांनी अशा आवाजामुळे खोलवरचे खाणे सोडले. उत्तर अटलांटिकमधील राइट देवमाशांचे वागणे याउलट दिसले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इशाऱ्याचा आवाज ऐकताच त्यांपैकी बहुतेक वर आले व पृष्ठभागाच्या जरा खाली राहिले. जहाजाची धडक बसण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो.

प्राणघातक परिणाम : सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदल सराव सुरू झाल्यावर काही तासांतच चोचदार देवमासे किनाऱ्याला लागू लागले, त्यांची संख्या सुमारे १४ भरली. शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांत व अवयवांत वायूचे बुडबुडे आढळले. पाणबुड्याला घाईने वर आल्यावर जडणाऱ्या विकाराशी ही लक्षणे जुळतात. घाबरून बुडीचा क्रम बदलल्याने रक्तातील नायट्रोजनचा तोल बिघडतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. ग्रीस (१९९६) व बहामा (२०००) येथील घटनांचाही संबंध सोनारशी जोडला गेला आहे.

उपाय : स्पेनने २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती नौदलाच्या सोनारवर बंदी घातली. त्यानंतरच्या दशकात तेथे चोचदार देवमासे असे सामूहिकरीत्या किनाऱ्याला लागले नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांचा आवाज घटवण्यासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०२३ मध्ये ती सुधारली; मात्र ती ऐच्छिक आहेत. तेलगळती वर्षानुवर्षे मागे उरते, आवाज मात्र बंद करताच सरतो. म्हणूनच या प्रदूषणाबाबत दिरंगाईला सबब नाही.