खंजिरी भजन मंडळे : वऱ्हाडातील गावोगावच्या वादकांचा वारसा

खंजिरी भजन मंडळ म्हणजे गावातल्या हौशी गायक-वादकांनी एकत्र येऊन चालवलेला भजनी संच. खंजिरी हे त्याचे मुख्य वाद्य. पेटी, तबला किंवा ढोलकी आणि टाळ ही जोडवाद्ये असतात. पुढे एक मुख्य गायक आणि मागे झील धरणारे, अशी त्याची रचना असते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावाने ही मंडळे अमरावती, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला या जिल्ह्यांत पसरली. शेतकरी, शेतमजूर, सुतार, शिंपी, शाळामास्तर असे दिवसा आपापला उद्योग करणारे लोक रात्री त्यांत वाजवत आणि गात. वादन हा त्यांचा धंदा नव्हता. या वारशाचे खरे वेगळेपण तिथेच आहे.

आधीचे वाद्यसंच

या मंडळांच्या आधी गावात काय वाजत असे, याचे उदाहरण म्हणून फुलसावंगी घेऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात महागाव तालुका आहे आणि फुलसावंगी हे त्यातले एक मोठे गाव. हा वऱ्हाडचा सीमाभाग. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि १९४८ पर्यंत तिकडे निजामाचे राज्य होते. नदीपलीकडच्या माहूरगडावर रेणुकादेवी, दत्तात्रेय आणि अनसूया यांची ठाणी आहेत. त्यामुळे संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ आणि आराध्यांची गाणी या भागाच्या कानावरची आहेत. पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. होळीच्या दिवसांत तांड्यावर नगारा आणि थाळीच्या ठेक्यावर लेंगी गातात. गावात लग्नवरातीला डफडे-सनई असे, तर एकादशीला विठ्ठलमंदिरात टाळ-मृदंगाचे भजन होई.

म्हणजे गावाला एकत्र वाजवण्याची सवय पूर्वीपासून होती. मात्र कोणी काय वाजवायचे हे बरेचसे जन्माने ठरलेले असे. संबळ गोंधळ्याची, डफडे आणि हलगी ठरावीक जातींच्या वाट्याची. चामड्याला हात लावणे इतरांना कमीपणाचे वाटे. वारकरी भजनाने ही चौकट पुष्कळ सैल केली होती, तरी मृदंग शिकायला गुरू लागे आणि अभंगाच्या चाली बसवायला वर्षे जात. ज्याच्याकडे घराणे नाही, पैसा नाही आणि फुरसतही नाही, अशा माणसाच्या हाती चटकन येईल असे वाद्य हवे होते. ती जागा खंजिरीने भरून काढली.

वाद्य आणि त्याचे तंत्र

खंजिरी हे एका तोंडाचे लहान चर्मवाद्य आहे. लाकडाचे उथळ कडे, त्याच्या एका बाजूला ताणून चिकटवलेले कातडे आणि कड्यात पाडलेल्या खाचांमध्ये खिळ्यांवर सैल बसवलेल्या धातूच्या चकत्या, एवढाच तिचा पसारा. डाव्या हाताने कडे धरायचे आणि उजव्या हाताच्या पंज्याने व बोटांनी वाजवायचे. कडे धरलेल्या हाताच्या बोटांनी कातड्यावर दाब देऊन नाद चढवता-उतरवता येतो. कडे हलवले की चकत्यांचा झणत्कार मिळतो. ठेका आणि झांज असे दोन्ही एकाच वाद्यात असल्याने एकटा माणूसही तिच्यावर भजन तोलून धरू शकतो.

जुन्या खंजिरीला घोरपडीचे कातडे लावत. ते पातळ आणि चिवट असते व त्याचा नाद खणखणीत येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला आणि घोरपडीला संरक्षण मिळाले. त्यानंतर बकऱ्याचे कातडे आणि पुढे कृत्रिम पान वापरात आले. कातडे हवेला फार नाजूक असते. पावसाळ्यात ते सादळते आणि आवाज बसतो. मग भजनाला बसण्याआधी खंजिरी विस्तवावर शेकायची. कातडे फार ताणले गेले तर आतून पाण्याचा हलका हात फिरवायचा. कृत्रिम पानामुळे ही खटपट वाचली, पण कातड्याचा भरीव नादही गेला.

वाद्य हलके असल्याने ते उभ्याने, बसून किंवा चालताना वाजवता येते. प्रभातफेरीपासून रात्रीच्या जागरापर्यंत ते कुठेही चालते. गायक स्वतःच वाजवत असल्याने लय त्याच्या मुठीत राहते. शब्द ठसवायचा असेल तिथे तो ठेका थांबवतो आणि ओळ संपताच पुन्हा उचलतो. उपदेशपर भजनाला हे तंत्र फार मानवले.

तुकडोजी महाराज आणि प्रसार

खंजिरीला विदर्भात घराघरांत नेले ते तुकडोजी महाराजांनी. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांतच थांबले. तरुणपणी रामटेक, सालबर्डी आणि चिमूरच्या रानांत भटकंती झाली आणि त्याच काळात खंजिरीवर स्वरचित भजने गाण्याची त्यांची पद्धत घडली. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली. शब्द रोजच्या बोलीतले, चाली सोप्या आणि ध्रुपद असे की पहिल्याच खेपेला श्रोत्याने उचलावे.

१९३५ मध्ये अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले. त्यानंतर त्यांच्या भजनांत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण आणि स्वदेशी हे विषय ठळक झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले. या भागात त्यांच्या भजनांनी लोक पेटून उठले होते. सरकारने त्याच महिन्यात त्यांना चंद्रपूर येथे अटक केली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतर महाराजांचा भर आपल्या श्रीगुरुदेव सेवामंडळ या संघटनेच्या शाखा गावोगाव बांधण्यावर राहिला. भजन मंडळांना संघटनेची चौकट मिळाली ती यातूनच. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत महाराजांनी खंजिरीवर भजन गायले. ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थना आणि भजनाचा प्रभाव यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. भजन हे लोकशिक्षणाचे साधन आहे आणि गाणाऱ्याचे वागणे गाण्याशी जुळले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले.

मंडळाचे कामकाज

मंडळ चालवायला फारसे भांडवल लागत नसे. एक-दोन खंजिऱ्या, टाळांच्या जोड्या, वर्गणीतून घेतलेली पेटी आणि बसायला सतरंजी एवढे असले की मंडळ उभे राही. मारुतीचा पार, चावडी, शाळेची पडवी किंवा प्रार्थनामंदिर ही बसायची जागा. वीज पोहोचण्यापूर्वी कंदील आणि मोठ्या कार्यक्रमाला गॅसबत्ती असे.

दिवसाला दोन टोके होती. पहाटे सामुदायिक ध्यान आणि नंतर रामधून. खंजिरी वाजवत गल्ल्यांतून फेरी निघे आणि जाता जाता रस्त्यांची झाडलोट होई. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. पांढरे कपडे, डोक्यावर भगवी टोपी, सरळ ओळीत बैठक आणि सगळ्यांचा एक सूर, ही तिची शिस्त. शेवटी राष्ट्रवंदना म्हणायची. रात्रीचे भजन याहून मोकळे असे. वंदनाने सुरुवात, मग भक्तीची, उपदेशाची आणि देशभक्तीची भजने, आणि अखेर भैरवी.

शिकणे कानाने चाले. पोर आधी टाळ धरे, मग झील ओढायला लागे आणि हात बसला की खंजिरी मिळे. भजने वह्यांत उतरवून घेत. गुरुकुंजाहून निघणाऱ्या छोट्या पुस्तिका आणि ‘श्रीगुरुदेव’ मासिक यांतून नवी भजने गावात येत, पण चाल ऐकूनच घ्यावी लागे. त्यामुळे एकच भजन दोन गावांत दोन चालींनी ऐकू येई आणि आपलीच चाल खरी, हा वाद वर्षानुवर्षे रंगे.

मंडळाचे वर्ष शेतीच्या वर्षाला बांधलेले होते. खरिपाच्या पेरणीत आणि निंदणाच्या घाईत भजन थोडक्यात आटोपत. आषाढी-कार्तिकी, गोकुळाष्टमी, गणपती आणि नवरात्र यांना रंग भरे. कापूस वेचून घरात पैसा आला की सप्ताह, पुण्यतिथ्या आणि परगावची आमंत्रणे सुरू होत. शेजारच्या गावी बैलगाडीने जायचे, रात्रभर भजन करायचे आणि दिवस उजाडताना परतून थेट वावरात जायचे, असा क्रम असे. मानधन म्हणून नारळ-दुपट्टा आणि जेवण.

स्पर्धा

खंजिरी भजनाची चुरस स्पर्धांमुळे वाढली. पुण्यतिथी महोत्सव, यात्रा आणि गणेशोत्सव यांच्या निमित्ताने गावोगाव स्पर्धा होऊ लागल्या. पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात. प्रत्येक मंडळाला ठरावीक वेळ मिळतो. सूर, ताल, उच्चार, वादन आणि एकजिनसीपणा पाहून परीक्षक गुण देतात. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळानेही कामगारांसाठी भजन स्पर्धा चालवल्या. स्पर्धेने दोन गोष्टी घडवल्या. तालमी नियमित झाल्या आणि शेजारच्या मंडळाचे चांगले ते उचलण्याची वृत्ती वाढली. दुसऱ्या बाजूने, भजन देवापुढचे कमी आणि परीक्षकांपुढचे जास्त झाले, अशी जुन्या मंडळींची कुरबूरही सुरू झाली.

महिलांची मंडळे ही या वाटचालीतली मोठी घटना आहे. पूर्वी बायकांचे गाणे जात्यावर, भुलाबाईपुढे आणि घरच्या सणाला असे. महिला भजन मंडळांमुळे त्या गणवेशाचे लुगडे नेसून, हाती खंजिरी आणि माईक घेऊन गावाच्या मंचावर बसू लागल्या.

उत्तर इंग्लंडशी एक तुलना

गावोगाव हौशी वादकांचे संच उगवण्याची अशीच लाट १९५० च्या दशकाअखेर उत्तर इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत आली. १९५६ च्या सुमारास लॉनी डोनेगनमुळे ‘स्किफल’ हा प्रकार लोकप्रिय झाला. स्वस्त गिटार, कपडे धुण्याची पन्हाळी फळी आणि चहाच्या खोक्याला दांडा व दोरी लावून केलेले वाद्य एवढ्यावर पोरांचे संच उभे राहत. लिव्हरपूलच्या ‘क्वारीमेन’ संचाने ६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत वाजवले आणि याच संचातून पुढे ‘बीटल्स’ घडले. स्किफलमधून पुढे आलेल्या अशा संचांना बीट ग्रुप म्हणू लागले. १९६१ पासून त्यांच्यासाठी ‘मर्सी बीट’ नावाचे वृत्तपत्रही निघाले.

दोन्हींचा हेतू अगदी वेगळा होता. तिकडे नाच, नवी गाणी आणि जमल्यास कमाई, तर इकडे प्रार्थना आणि प्रबोधन. तरीही बांधणी सारखी दिसते. वाद्य परवडणारे, शिक्षण कानाने, जागा चर्चच्या किंवा मंदिराच्या आवारातली, आणि शेजारच्या संचाशी ईर्ष्या. दोन्हीकडे बहुसंख्य वादक नाव न होता वाजवून गेले आणि पुढे पोटापाण्याच्या कामात विरून गेले.

पुढचे बदल

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील वस्त्यांमध्ये भीमगीतांच्या गायन पार्ट्या जोमाने वाढल्या. वामनदादा कर्डक यांची गीते घेऊन त्या जयंती-मेळाव्यांना फिरत. पुढे तालुक्याच्या गावांतून ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्या आल्या आणि तरुण वादकांना पैसे मिळवण्याची वाट दिसली. कॅसेटच्या काळात चालींचे वाद मिटले, कारण सर्वांनी एकच कॅसेट ऐकली. याच काळात अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या एका वेळी वाजवण्याचे सप्तखंजिरीचे तंत्र प्रबोधनाच्या कीर्तनात रुजवले आणि खंजिरीला नवा श्रोता मिळवून दिला.

नंतर दूरदर्शनने संध्याकाळची बैठक मोडली. डीजेने वरात आणि मिरवणूक घेतली. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी आली आणि रात्रभराचे जागर आखडले. शिक्षण-नोकरीसाठी तरुण पुणे, नागपूरकडे गेले. बऱ्याच गावांत पुरुषांची मंडळे म्हाताऱ्यांवर आली, तर महिला मंडळे मात्र टिकून राहिली.

तरी मंडळांचे जाळे पूर्णपणे तुटलेले नाही. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला मोझरी येथे महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गावोगावची मंडळे दिंड्या घेऊन जमतात. महाराजांच्या निधनाच्या वेळी, म्हणजे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, खंजिऱ्या खाली ठेवून मौन श्रद्धांजली वाहिली जाते. ज्यांना मोझरीला जाणे होत नाही, ते आपल्या गावच्या प्रार्थनामंदिरात त्याच मिनिटाला उभे राहतात.